मागच्या खोलीतला तुळशीराम

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा मागच्या खोलीतला तुळशीराम मुलखाहून परत आला, आणि सुचेताबाईंना पहिल्याच दिवशी वाटलं, हा तो नव्हे.

दिवाळीला गेला तो काळ्याभोर केसांचा होता. हा आला तो कानशिलांवर पांढरा. अडीच-तीन महिन्यांत माणूस एवढा पिकतो का? बाकी उंची तीच, नाक तेच, चालताना डावा खांदा जरा पुढे टाकायची लकबही तीच. त्यांनी मुद्दामच नाव विचारलं. तो जरासा चपापला आणि म्हणाला, "तुळशीराम." मग हात जोडून म्हणाला, "प्रणाम, मास्टरनीजी."

इथंच बाईंच्या मनात काटा रुतला. गेली चार-पाच वर्षं तुळशीराम त्यांना 'आई' म्हणत होता. त्यांचा मुलगा शरद म्हणतो तसंच, अगदी मराठीत.

ही गोष्ट एक्याण्णव सालची. मागची खोली दिली होती ऐंशी साली, दत्तोपंतांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी. दोघंही शाळेत शिकवत, ते गणित आणि बाई भूगोल. तोवर भिवंडी पार बदललेली नव्हती. बाजारात तांदळाच्या गोण्यांचा वास दरवळायचा, दुपारी गल्लीत कुणी बोललं तर चार घरं पलीकडे ऐकू जायचं. मग एकेका ओसरीच्या, एकेका गोठ्याच्या जागी कापड विणायचे लूम बसले आणि त्या खडखडाटात माणसं मोठ्यानं बोलायला शिकली. लुमांमागून माणसं आली. गोंडा, बस्ती, आझमगड. ही नावं बाईंनी नकाशात दाखवली होती, आता ती मागच्या दारी बादली घेऊन उभी राहिली.

समोरच्या अब्दुर्रहमानभाईंचा कारखाना होता. त्यांचं घराणं मूळचं कोकणातलं, पण भिवंडीत इतकं जुनं की ते बाईंशी आगरी-कोकणी वळणाच्या मराठीतच बोलत. तेच तुळशीरामला घेऊन आले होते. दत्तोपंतांनी एकच अट घातली. नाव एकाचं राहील, सोबतीला गावचे दोघे-तिघे राहिले तर हरकत नाही, पण बायका-पोरं आणायची नाहीत. पुढे सगळा व्यवहार तेच बघत. बाईंना मागच्या खोलीतली माणसं म्हणजे गमछा बांधलेली, कापसाच्या तुसांनी भुरी झालेली डोकी. पाळी सुटली की ती एकसारखीच दिसत.

दत्तोपंत गेले सत्त्याऐंशीत. त्या दिवशी शरद ठाण्याहून येईपर्यंत सगळं तुळशीरामनं केलं. डॉक्टरला बोलावून आणलं, बर्फ आणला आणि नंतर तिरडीला खांदा दिला. तेव्हापासून बाई त्याच्याशी बोलू लागल्या. म्हणूनच आता आलेल्या माणसाकडे त्या पडद्याआडून टक लावून बघत होत्या. चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतर गल्लीत नवं तोंड दिसलं की जो तो असाच बघत असे. माणूस नवा आहे हे कळण्याइतकी बाईंची नजर पक्की होती. तीस वर्षं त्यांनी वर्गाची हजेरी घेतली होती, दुसऱ्याच्या नावावर 'हजर' म्हणणारा मुलगा त्या आवाजावरून पकडत.

दोन दिवस त्या नुसत्या बघत राहिल्या. त्याला पाण्याचा मुख्य कॉक सापडेना. तो मोरीच्या बाजूला शोधत राहिला, अन् कॉक तर कधीचा जिन्याखाली गेला होता. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे खोलीच्या दारातून आत जाताना तो दर वेळी मान खाली घालायचा. दार चांगलं उंच होतं. दुसरे ताठ मानेनं जायचे, हा मात्र वाकून. बाईंना वाटलं, तोंड लपवतोय.

तिसऱ्या दिवशी तो मागच्या पायरीशी आला. हातात कागदात बांधलेला गूळ होता. इकडेतिकडे बघत त्यानं विचारलं, "मास्टरसाब दिसत नाहीत? कहीं बाहर गए हैं क्या?"

बाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. ज्यानं खांदा दिला त्याच नावाचा माणूस दारात उभा राहून विचारत होता की मास्टरसाब कुठं गेले.

"गेले," त्या म्हणाल्या. "चार वर्षं होतील."

त्याचा चेहरा पडला. तो खरंच हबकला की तसं दाखवलं, ते बाईंना ठरवता येईना. गूळ पायरीवर ठेवून तो वाकून खोलीत गेला आणि त्या दिवशी पाळीवरही गेला नाही.

रविवारी शरद आला तेव्हा बाईंनी त्याला सगळं सांगितलं. त्या घाबरून सांगत होत्या, पण शरदचा चेहरा उजळत गेला. तो बँकेत होता. दोन वर्षं तो आईच्या मागे लागला होता की घर विकून ठाण्याला चल. घराला गिऱ्हाईकही होतं. अडचण एकच होती. भाडेकरू उठत नाही आणि भाडेकरू असलेलं घर कुणी घेत नाही.

"आई, तुला कळतंय का तू काय सांगतेयस?" तो म्हणाला. "तुळशीराम पसार झालाय आणि त्यानं दुसऱ्यालाच आत घुसवलंय. पोटभाडेकरू ठेवला की कोर्ट त्याला उठवतं. तू फक्त सांगायचं, खोली ज्याला दिली तो हा नव्हे. कल्याणचे वकील आहेत माझ्या ओळखीचे, त्यांना घेऊन येतो."

मग तो नेहमीच्या विषयावर गेला. ती माणसं तिकडे वाढतात आणि इकडे येतात, आज एक आहे, उद्या दहा होतील, आपण नुसते बघत बसलो तर एक दिवस मोरीसुद्धा आपली राहायची नाही. बाई ऐकत होत्या. वर्गात त्याच तर शिकवत की लोकसंख्या सगळीकडे सारखी वाढत नाही आणि सारखी पसरतही नाही. मुलांना कोरे नकाशे देऊन त्या ठिपके काढायला लावत. गंगेच्या खोऱ्यात इतके ठिपके की मुलांची पेन्सिल मोडायची. कोकणात थोडे, घाटाखाली विरळ. ते सगळे ठिपके जागच्या जागी असत, हे बरं होतं.

"आणि तो खरा तुळशीराम?" त्यांनी विचारलं. "त्याचं काही बरंवाईट झालं असलं तर?"

शरदनं खांदे उडवले. "यानंच काही केलं नसलं म्हणजे मिळवली."

हे वाक्य शरद गेला तरी घरातच राहिलं. बाईंनी मागच्या दाराला आतून दुसरी कडी लावून घेतली. भांडी घासून होईपर्यंत दार उघडायचं आणि मग बंद. मागून नुसती बादली आपटल्याचा आवाज आला तरी त्या खिडकीशी जात. खोलीत कितीजण येतात, कितीजण जातात, यावर त्यांचं लक्ष असे. पण पाळ्या उलटसुलट असल्यानं माणसं कधी दोन वाटत, कधी पाच.

शेवटी त्या समोर अब्दुर्रहमानभाईंकडे गेल्या. त्यांच्या बायकोनं, माजिदाभाभींनी, चहा ठेवला. भाई कारखान्यातून तुसं झटकत आले. बाईंनी सरळच विचारलं की तुमच्याकडे कामाला आहे तो तुळशीराम पूर्वीचाच आहे का.

भाईंनी बशीत चहा ओतला, फुंकला आणि उगाच खिडकीबाहेर बघितलं.

"बाई, हजेरीवर एक नाव आन् लूमवर एक माणूस," ते म्हणाले. "तोंड बघाया मला कुठं सवड हाय?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे."

"मला कायबी ठाऊक न्हाय. धागा तुटला तर जोडतो का न्हाय, तेवढं ठाऊक हाय."

माजिदाभाभी मध्येच म्हणाल्या, "अवो सुचेताबाई, यांना स्वतःचे भाचे वळखता येत नाहीत. ईदीला दोघांना दोनदा देतात नि तिसऱ्याला देतच न्हाईत." भाई हसले. बाईही हसल्या, पण परत येताना त्यांना वाटलं, हेही सामील आहेत. सगळ्या गल्लीला काहीतरी माहीत आहे आणि ते फक्त आपल्यापासून दडवलं जातंय.

फेब्रुवारीत जनगणना सुरू झाली. या गल्लीचं काम अनंता मास्तरांकडे होतं. ते दत्तोपंतांच्या हाताखाली शाळेत लागले होते आणि अजून बाईंसमोर खुर्चीवर बसताना अवघडत. या वस्तीत मोजणी म्हणजे डोक्याला ताप आहे, असं ते सांगत होते. एका खोलीत दिवसा एक घर आणि रात्री दुसरं. कुणी म्हणतो मला इथं लिहू नका, गावात नाव कापतील. कुणी म्हणतो शेजारच्याचं लिहिलंत तर माझं दोनदा लिहा. बाईंनी त्यांना चहा दिला आणि मग म्हटलं की मागच्या खोलीचं आमच्या ओट्यावरच बसून लिहा, तिथं उजेड नाही.

त्या स्वतः स्वयंपाकघराच्या दाराआड तांदूळ निवडत बसल्या. मोजणीतले प्रश्न त्यांना पाठ होते, एक्क्याऐंशी साली ही गल्ली त्यांनीच मोजली होती.

नाव, वय, जन्म कुठला, सगळं त्यानं नीट सांगितलं. वय पस्तीस म्हणाला. मग अनंता मास्तरांनी विचारलं, "इथं किती वर्षं राहतोस?"

त्यानं गमछ्याला हात पुसले.

"अरे, इथं येऊन किती वर्षं झाली? त्याआधी कुठं होतास?"

"आना तो... सन अस्सी में," तो म्हणाला आणि थांबला.

"मग अकरा वर्षं. सलग?"

त्यानं दाराकडे पाहिलं. फटीतून त्याची आणि बाईंची नजरानजर झाली. "आप लिख लीजिए," तो हळूच म्हणाला. अनंता मास्तरांना अजून सतरा घरं करायची होती. त्यांनी लिहिलं आणि पिशवी उचलून ते निघून गेले.

बाई तांदळाचं सूप तसंच ठेवून बाहेर आल्या. उन्हात ओट्यावर तो उभा होता. गल्लीत माणसं होती, समोर माजिदाभाभी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होत्या. भीती वाटण्यासारखं काही नव्हतं, तरी बाईंनी एक हात दाराच्या चौकटीला धरून ठेवला.

"तू तुळशीराम नाहीस," त्या म्हणाल्या. "तुळशीराम माझ्या घरचा माणूस होता. त्याचं काय केलंत तुम्ही?"

त्यानं खांद्यावरचा गमछा काढला. मग ओट्याच्या कडेला बसला.

"मास्टरनीजी, तुळशीराम मैं ही हूँ. आपके पास जो था, वो रामू था. माझा भाऊ. लहान."

असं कुणीही म्हणेल, बाई म्हणाल्या. आणि त्यांना खरोखर तसंच वाटत होतं. ठरवून आणलेली गोष्ट. तो अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत सांगू लागला. ऐंशी साली तोच आला होता. घरी जमीन थोडी, भाऊ पाच. बापानं सांगून ठेवलं होतं, भिवंडीतली जागा तुझी नाही, घराची आहे. लूमवरची जागा, बिशीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, जेवायची जागा आणि निजायची जागा, तिन्ही एकत्रच सांभाळायच्या. शहाऐंशीत पंजाबात जास्त काम मिळतं म्हणून तो तिकडे लुधियान्याला गेला आणि आपल्या जागी रामूला धाडलं. जागा जाऊ नये म्हणून नाव तेच ठेवलं. सगळ्यांच्या गावची हीच रीत होती. आता पंजाबात मजुरांना बसमधून उतरवून मारायला लागले तेव्हा तो निघाला. घरी जायला झालंच नाही. दोघे भाऊ गोरखपूरच्या फलाटावर भेटले ते गाडी सुटेपर्यंतच, मग रामू गावी परतला. रामूनं कॉक कुठं आहे ते सांगितलं नाही आणि मास्टरसाब गेले तेही नाही. निरोपात जेवढं मावलं तेवढं मावलं.

"तेव्हा पाच भाऊ होतो," तो म्हणाला. "आता पाचांची पोरं किती, ते अम्माला विचारावं लागतं. जमीन मात्र तेवढीच आहे."

"आणि दारातून वाकून जातोस ते कशाला? तोंड लपवायला?"

त्याला आधी प्रश्नच कळला नाही. मग तो कसनुसा हसला. "तिथं तुळई होती ना खाली? पहल्या हफ्त्यात कपाळ फुटलं होतं. आता नाही, ते डोक्याला कळतं, मानेला कळत नाही."

तुळई होती खरी. शहाऐंशीच्या पावसाळ्यानंतर मागची भिंत नव्यानं बांधली तेव्हा ती काढली आणि कॉकही तेव्हाच हलवला. बाई आत गेल्या नाहीत, खाली बसल्याही नाहीत. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती.

"हे मास्तरांना ठाऊक होतं?"

"सांगूनच गेलो होतो. बोले, जा, पण घरात सांगू नकोस. सुचेता हजेरी घ्यायला बसेल."

आता मात्र बाई बसल्या. हे वाक्य कुणी शिकवून शिकवता येणारं नव्हतं. त्यात दत्तोपंतांचा आवाज होता, ओठांच्या कोपऱ्यातलं हसू होतं. त्यांना रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. वर्षभर एक गोष्ट ठाऊक असूनही नवऱ्यानं ती सांगितली नाही, आणि मरताना ज्याच्या हातून पाणी प्याला त्याचं खरं नावही बायकोला कळू दिलं नाही. रामू. त्यांनी मनात दोनतीनदा म्हणून पाहिलं. ते त्या चेहऱ्यावर बसेना.

मग त्यांना परळचे आपले मामा आठवले. संगमेश्वराजवळच्या बाईंच्या आजोळच्या गावची परळला एक खोली होती. मामा गिरणीत बदली कामगार म्हणून लागले ते आपल्या चुलत्याच्या बिल्ल्यावर, आणि मामांचे मित्र त्यांना शेवटपर्यंत चुलत्याच्याच नावानं हाक मारत. लहानपणी बाईंना ते नाव मामांचंच वाटे. आता त्या गावात निम्म्या घरांना कुलपं आहेत आणि शाळेत मुलं नाहीत म्हणून मास्तर परत गेलाय. नकाशावर ठिपके काढताना आपल्या घरचा ठिपका कधी हलला, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

तुळशीराम उठला. "मास्टरनीजी, मी बोललो ते तुमच्या लडक्याच्या कामाचं आहे," तो म्हणाला. "गल्लीत कळतं सगळं. वकील येणार आहे. खोली गेली तर लूमची जागा पण जाईल. सामान ठेवायला, निजायला जागा नाही त्याला इथं कोण ठेवून घेतो? पण मी खोटं काय सांगू तुम्हाला."

तो गेला. जाताना दारात त्याची मान आपोआप खाली झाली.

आता बाईंच्या हातात सगळं होतं. हा खरा तुळशीराम असला तरी मधली पाच वर्षं खोलीत दुसराच राहत होता, हे त्याच्याच तोंडून निघालं होतं. शरदला हवं होतं ते यापेक्षा वेगळं काय? बाईंनी आयुष्यात खोटी हजेरी मांडली नव्हती. आठवडाभर त्या स्वतःला हेच सांगत होत्या. दरम्यान एकदा त्यांना असंही वाटून गेलं की हे सगळं नाटक असेल, रामूनंच तुळई आणि दत्तोपंतांचं वाक्य याला पढवलं असेल. मग त्या खिडकीशी जाऊन पुन्हा त्याच्याकडे बघत. ती सवय काही जाईना.

रविवारी वकील आले. पडवीत खुर्च्या मांडल्या. शरदनं तुळशीरामला बोलावलं. तो आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला आणि खांबाशी उभा राहिला. वकील समजूतदार गृहस्थ होते. घाई न करता त्यांनी विचारलं, "बाई, ऐंशी साली खोली दिलीत तो हाच का? नीट बघून सांगा. कोर्टात हेच सांगावं लागेल."

शरद आईकडे बघत होता. बाईंनी तुळशीरामकडे पाहिलं. त्याची नजर जमिनीवर होती.

"हाच," त्या म्हणाल्या.

"आई!" शरद म्हणाला.

वकिलांनी हातानं त्याला थांबवलं. "ठीक. मग असं सांगा, मधल्या वर्षांत, मागच्या दिवाळीपर्यंत, खोलीत कोण राहत होतं?"

बाईंना वाटलं, बाहेर सगळे लूम एकदम बंद पडलेत. ते चालूच होते.

"तुळशीराम," त्या म्हणाल्या. "त्यानं ह्यांना खांदा दिला. मी कशी विसरेन?"

तुळशीरामनं मान वर केली नाही. वकिलांनी चष्मा काढला, पुसला आणि शरदला म्हणाले, "साक्षीदार असा असेल तर हे प्रकरण उभं राहायचं नाही." चहा न घेताच ते उठले.

शरद त्यांना स्टँडवर सोडून परत आला तेव्हा रागावलेला नव्हता. त्यानं ओरडावं अशी बाईंची तयारी होती. तो समोर बसला आणि निरखून बघत राहिला. मग लहान मुलाला विचारावं तसं त्यानं विचारलं की जेवण वेळेवर होतं का, झोप लागते का, मागचा माणूस आत येऊन बसतो का, काही खायला आणून देतो का. बाईंनी म्हटलं, गूळ आणला होता. "खाल्लास?" त्यानं विचारलं. "खाल्ला," त्या म्हणाल्या. त्यानं मान हलवली आणि डब्यात उरलेला गूळ कागदात बांधून बरोबर नेला.

चारपाच दिवसांनी अब्दुर्रहमानभाई पायरीशी आले. आत बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"शरदनं मला सांगितलंय, आईवर जरा ध्यान ठेवा," ते म्हणाले. "कोण येतंय, कोण जातंय. तुम्ही कायतरी इसरताय का. कुणी तुमच्याकडून सही बिही घेतंय का. मी व्हय म्हटलं. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून बोललो."

"मग ठेवा लक्ष," बाई म्हणाल्या.

"मला कुठं सवड हाय? माजिदाला सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मागच्या दारी भांडी घासायला बसल्या. दुसरी कडी काढून टाकलेली होती. तुळशीराम पाळीवरून येऊन बादली भरत होता आणि त्या त्याला, रामू मागच्या दारच्या मोगऱ्याला पाणी कसं घालायचा ते सांगत होत्या. समोरच्या माडीवरचा पडदा हलला. बाईंनी वर पाहिलं नाही. हातातला तवा त्यांनी जरा जास्तच नीट घासला, एकही डाग राहू दिला नाही, आणि तो विसळताना त्यांना जाणवलं की आपण ताठ बसलो आहोत आणि अगदी हळू आवाजात बोलतो आहोत.